मागचं बोट गेलं कुठे?

पावसानंतर लातूर-नांदेडकडच्या माळावर, ओल्या मातीत पक्ष्याच्या पायाचा ठसा दिसला, तर आधी काय शोधाल? मागचं बोट! कोंबडी, कबूतर, मोर यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे. फांदी पकडायला ते मागचं बोट लागतं. पण माळढोक आणि त्याचा लहानखुरा भाऊबंद तणमोर यांना ते नसतंच. झाडावर बसायचंच नाही, तर फांदी धरायची कशाला?

वनरक्षकाला अशा खुणा वाचता याव्या लागतात. पण घाई नको हं! टिटवीचं मागचं बोट इतकं बारीक असतं की ठशात ते बहुतेक उमटतच नाही. म्हणून ठशाशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढायचा. पंधरा किलोपर्यंत भरणाऱ्या माळढोकाचा पाय आणि टिटवीचा पाय, फरक लगेच कळतो.

तणमोर शोधणं त्याहून अवघड. गवतात तो दिसतच नाही. पण पावसाळ्यात नर मादीला बोलावण्यासाठी गवतातून टुणकन उंच उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा! उडी दिसली की धावत जायचं का? मुळीच नाही. अंडी जमिनीवरच असतात, पायाखाली येतील. मग दोन वनरक्षक दूर दूर उभे राहतात. दोघंही होकायंत्रावर उडीची दिशा बघतात आणि नकाशावर दोन रेघा ओढतात. रेघा जिथे छेदतात, तिथे तणमोर!

हे सगळं पुस्तकातून येत नाही. अकोला-वाशीम भागात 'संवेदना' या संस्थेनं फासेपारधी समाजाला सोबत घेऊन तणमोर राखण्याचं काम केलं. पिढ्यान्‌पिढ्या माळावर वावरलेल्या या लोकांना पक्ष्यांच्या सवयी पाठ असतात.

सोलापूर जिल्ह्यात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज देशभरात माळढोक जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. त्यात माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरच्या विजेच्या तारा त्याला नीट दिसत नाहीत. म्हणून माळावरून कुठून तारा जातात, याचीही नोंद ठेवावी लागते.

आता तुमची पाळी. शेताच्या बांधावर ठसे शोधा, मोजपट्टी ठेवून वहीत काढा आणि प्रत्येकाखाली लिहा: मागचं बोट आहे की नाही? मात्र जमिनीवर घरटं दिसलं, तर तिथे थांबू नका. आल्या पावली मागे फिरा. वनरक्षकही तेच करतात!