दुसऱ्या हिंवाळ्याची बेगमी

मृगाच्या सरी कोसळण्यापूर्वीं ज्या घरांत सरपण रचून ठेविलेलें नसतें, त्या घराची चूल आषाढभर धुमसत राहते, ही गोष्ट कोंकणांतील लहान पोरासहि ठाऊक असते. आगोटीची बेगमी उन्हाळ्यांतच करावी लागते. पाऊस सुरू झाल्यावर केलेली धांवपळ बहुधा व्यर्थ जाते. उत्तरेकडील देशांत पावसाळ्याची ही जागा हिंवाळा घेतो. फरक इतकाच, कीं कोंकणांतील बेसावध माणूस भिजतो आणि तेथील बेसावध माणूस गोठून मरतो. अशा एका उत्तरेकडील महानगरास शत्रूचा वेढा पडला असतां तेथील सामान्य नागरिकांनीं लागोपाठ दोन हिंवाळे कसे काढले, पहिल्यांत काय चुकलें आणि दुसऱ्यासाठीं काय केलें, ही हकीकत मनन करण्याजोगी आहे.

तें नगर म्हणजे रशियांतील लेनिनग्राड. १९९१ पासून त्यास सेंट पीटर्सबर्ग हें जुनें नांव पुन्हा प्राप्त झालें आहे. २२ जून १९४१ रोजीं जर्मन सैन्यानें रशियावर स्वारी केली. ऑगस्टअखेर नगरीचा शेवटचा लोहमार्ग तुटला. आणि ८ सप्टेंबर रोजीं श्लिसेलबुर्ग हें गांव पडतांच जमिनीवरून येण्याजाण्याचा मार्ग बंद झाला. त्या वेळीं नगरींत सुमारें २५ लक्ष माणसें होतीं. पूर्वेकडील लाडोगा सरोवराचें पाणी तेवढें मोकळें राहिलें. नगर लढून जिंकण्याऐवजीं तें उपासमारीनें नष्ट करावें, कोणी शरण आल्यास शरणागतीहि स्वीकारूं नये, असें शत्रूच्या वरिष्ठांनीं त्याच महिन्यांत ठरविलें.

नगरींत कांहींच तयारी नव्हती असें मात्र नाहीं. आदल्या वर्षीं, १९४० सालीं, लंडन शहरावर आग लावणाऱ्या बॉम्बांचा जो वर्षाव झाला, तो सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. म्हणून १९४१ च्या उन्हाळ्यांत घरोघरच्या माळ्यांवर वाळूचे ढीग आणि पाण्याचीं पिंपें ठेवण्यांत आलीं. छपराच्या लांकडी तुळयांस सुपरफॉस्फेट या खताचा लेप देण्यांत आला. कारण असा लेप दिलेलें लांकूड सहसा पेट घेत नाहीं. शाळेंतील मुलें आणि मुली हातांत लांब चिमटे घेऊन रात्रभर छपरांवर पहारा करीत व पडलेला बॉम्ब उचलून वाळूंत खुपशीत. खिडक्यांच्या कांचांवर कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटविल्या गेल्या. देवळांच्या सोनेरी घुमटांस राखी रंग फांसण्यांत आला. पीटर बादशहाचा अश्वारूढ पुतळा वाळू व फळ्या यांखालीं झांकून टाकण्यांत आला. ही तयारी फुकट गेली नाहीं. हजारों बॉम्ब त्या कोवळ्या हातांनीं विझविले. परंतु जी भीति डोळ्यांपुढें होती तिचीच तयारी झाली. जी डोळ्यांआड होती तिची झाली नाहीं. आगीची वाट पाहत बसलेल्या नगरीवर थंडी आणि भूक चालून आल्या.

८ सप्टेंबरच्या हल्ल्यांत बदायेव नांवाचीं अन्नाचीं कोठारें जळालीं. साखर वितळून मातींत मुरली आणि पुढें लोकांनीं ती गोड माती खणून नेली. या आगीमुळेंच दुष्काळ पडला असा समज बरींच वर्षें रूढ होता. वस्तुतः त्या कोठारांतील सांठा एवढ्या मोठ्या नगरीस थोडे दिवस पुरण्याइतकाच होता. खरें कारण हें, कीं रोज बाहेरून येणाऱ्या धान्यावर आणि इंधनावर जगणाऱ्या नगरीचीं सर्व दारें एकदम बंद झालीं. तेथील बहुतेक घरें लांकडावर उबदार राहत आणि तें लांकूड दूरच्या अरण्यांतून रुळांवरून व नदीवाटे येत असे. दारें बंद झाल्यावर अंगणांत जेवढें शिल्लक होतें तेवढेंच उरलें.

भिंतींतील मोठ्या विटांच्या भट्ट्या लांकडाअभावीं थंड पडल्या, तेव्हां लोकांनीं पत्र्याच्या लहान शेगड्या मांडल्या आणि त्यांचीं धुराडीं खिडकींतून बाहेर काढलीं. या शेगडीस रशियन लोक ‘बुर्झुइका’ म्हणतात. १९१७ च्या क्रांतीनंतरच्या टंचाईच्या दिवसांत ती घरोघरीं शिरली होती. विटांची भट्टी उशीरां तापते, परंतु रात्रभर ऊब धरून ठेवते. पत्र्याची शेगडी चटकन तापते आणि विस्तव विझतांच तितक्याच चटकन थंड होते. म्हणून सारें कुटुंब एका खोलींत, पुष्कळदां एकाच बिछान्यावर राहूं लागलें. शेगडीच्या पोटांत आधीं कुंपणें गेलीं, मग खुर्च्या, मग कपाटें आणि शेवटीं पुस्तकें गेलीं.

त्या हिंवाळ्यांत उष्णतामान शून्याखालीं ३० अंशांपर्यंत उतरलें. कोळसा संपल्यामुळें वीज गेली. वीज गेल्यामुळें ट्राम थांबल्या आणि पाण्याचे पंपहि थांबले. पाणी वाहतें न राहिल्यामुळें नळ गोठून फुटले. एक दुवा निखळला कीं सारी सांखळी कशी तुटते, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण. बाया नेव्हा नदीच्या बर्फाला पाडलेल्या भोंकांतून बादलीनें पाणी काढीत आणि मुलांच्या खेळण्याच्या घसरगाडीवर ठेवून घरीं ओढीत नेत. त्याच घसरगाड्यांवरून पुढें प्रेतेंहि नेलीं जाऊं लागलीं. शेगड्यांमुळें घरांस आगी लागत, आणि विझविण्यास पाणी नसल्यामुळें तीं घरें दिवसेंदिवस जळत राहत. ज्या आगीसाठीं उन्हाळाभर तयारी केली, ती अखेर आभाळांतून न येतां घरांतल्या चुलींतूनच आली.

२० नोव्हेंबरपासून २५ डिसेंबर १९४१ पर्यंत कामगारास दररोज २५० ग्रॅम आणि इतर सर्वांस, लहान मुलांसुद्धां, १२५ ग्रॅम, म्हणजे सुमारें पावणेअकरा तोळे पाव मिळत असे. त्यांतहि पिठाबरोबर पेंड आणि लांकडापासून काढलेला चोथा मिसळलेला असे. दुसरें अन्न जवळजवळ नव्हतेंच. लाडोगा सरोवर गोठल्यावर २२ नोव्हेंबरपासून त्या बर्फावरून मोटारी धान्य आणूं लागल्या. परत जातांना त्याच मोटारींतून पुढच्या कांहीं महिन्यांत साडेपांच लक्षांच्या आसपास माणसें बाहेर नेण्यांत आलीं.

घरोघरीं भिंतीवर नभोवाणीचा लहानसा ध्वनिक्षेपक असे. बोलणाऱ्यांच्या अंगीं बोलण्याचें त्राण उरत नसे, तेव्हां त्यांतून केवळ मेट्रोनोमची, म्हणजे गायकांच्या तालयंत्राची, टकटक ऐकूं येई. ती संथ असली तर हल्ला नाहीं आणि जलद झाली तर विमानें आलीं, असें समजावयाचें. अंधाऱ्या खोलींत पडून राहिलेल्या माणसास नगर अद्याप जिवंत आहे, हें त्या टकटकीवरूनच कळे. नगरींतील ३९ शाळांतून त्याहि हिंवाळ्यांत शिकविणें चालू राहिलें. दौतींतली शाई गोठत असे. मुलें ओव्हरकोट व हातमोजे न काढतां बांकांवर बसत.

येथून हकीकतीचा दुसरा भाग सुरू होतो. १९४२ च्या मार्चअखेर बर्फ वितळूं लागलें. चार महिन्यांची घाण आणि प्रेतें त्या बर्फांत गाडलेलीं होतीं. तें सारें उघडें पडल्यास रोगराई निश्चित होती. २७ मार्चपासून १५ एप्रिलपर्यंत उपासानें कृश झालेलीं सुमारें तीन लक्ष माणसें दररोज पहारी व फावडीं घेऊन रस्त्यांवर उतरलीं आणि त्यांनीं सुमारें १० लक्ष टन घाण व बर्फ बाहेर नेऊन टाकलें. साथ फैलावली नाहीं. १५ एप्रिल रोजीं उतारूंची ट्राम पुन्हा सुरू झाली. तिची घंटा ऐकून लोक रस्त्यांत उभे राहून रडले.

त्याच क्षणीं पुढच्या हिंवाळ्याची तयारी सुरू झाली, आणि हेंच या नगरीचें शहाणपण होय. वसंताच्या उन्हांत अंग शेकीत बसण्याचा मोह तिनें आवरला. बागा, मैदानें आणि चौक नांगरले गेले. सेंट आयझॅक या भव्य मंदिरासमोरील चौकांत कोबीचे वाफे उभे राहिले. कोबी आंबवून पिंपांत भरून ठेवणें ही रशियन घराची जुनी रीत असल्यामुळें हें पीक थंडीपर्यंत टिकणारें होतें. वनस्पतिशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं कोणत्या रानभाज्या खाव्या, याविषयीं पुस्तिका काढून लोकांस शिकविलें. त्यांत आपल्याकडील चाकवताच्या जातीची एक भाजीहि होती. हिरड्यांतून रक्त आणणाऱ्या स्कर्व्ही रोगावर देवदाराच्या जातीच्या झाडांचीं सुयांसारखीं पानें भिजवून त्यांचें पाणी पाजण्याची रीत पहिल्या हिंवाळ्यांतच सुरू झाली होती. तीहि चालूं ठेवण्यांत आली.

सर्वांत मोठा प्रश्न सरपणाचा होता. ताजें तोडलेलें झाड ओलें असतें. तें वाळण्यास कित्येक महिने लागतात आणि अरण्यांतून आणण्यास वाहनें लागतात. उलट जुन्या घरांचे वांसे आणि फळ्या वर्षानुवर्षें वाळलेल्या असतात व त्या नगरींतच असतात. म्हणून लांकडी घरें मोडावीं असें ठरलें. धडधाकट प्रत्येक नागरिकानें चार घनमीटर लांकूड जमवावें. त्यांतील दोन स्वतःच्या चुलीसाठीं ठेवावें आणि दोन नगरीस द्यावें, असा नियम झाला. रुग्णालयें, पाव भाजण्याच्या भट्ट्या आणि शाळा चालाव्या म्हणून हा अर्धा वांटा होता. कुऱ्हाडी आणि करवती बहुतांशीं बायकांच्याच हातीं होत्या. ज्यांचीं घरें मोडलीं त्यांस दगडी इमारतींतील रिकाम्या खोल्या मिळाल्या. त्या खोल्या रिकाम्या कां होत्या, हें विचारण्याची कोणास गरज नव्हती.

दलदलींतील पीट नांवाची इंधनमाती खणण्याचें कामहि मुख्यतः बायकांनींच केलें. दुसरीकडे तंत्रज्ञांनीं निखळलेला दुवा पुन्हा जोडला. जून १९४२ मध्यें लाडोगा सरोवराच्या तळाशीं तेलाची नळी घालण्यांत आली आणि २३ सप्टेंबर रोजीं त्याच सरोवराखालून टाकलेल्या तारेनें व्होल्खोव्ह येथील जलविद्युत्‌केंद्राची वीज नगरींत आली. बर्फावर किंवा पाण्यावर बॉम्ब टाकून ही वाट बुजविणें शत्रूस सोपें नव्हतें.

दुसरा हिंवाळा आला तेव्हां तोफांचा मारा पूर्वींसारखाच चालू होता. तथापि चुलींत लांकूड होतें, नळांस पाणी होतें, कांहीं घरांत दिवाहि लागत होता, आणि सामान्य कामगारास ५०० ग्रॅम व लहान मुलास ३०० ग्रॅम पाव मिळत होता. पहिल्या हिंवाळ्यासारखा संहार पुन्हा झाला नाहीं. मात्र याचें सारें श्रेय बेगमीस देणें सत्याला धरून होणार नाहीं. वर्षाअखेर नगरींत साडेसहा लक्षांच्या आसपासच माणसें उरलीं होतीं. पुष्कळ जण सरोवरापलीकडे गेले होते. आणि पुष्कळांनीं आपला पावाचा वांटा मरणानें मागें ठेविला होता. न्यूरेंबर्ग येथील न्यायासनापुढें उपासमारीच्या बळींचा आंकडा ६ लक्ष ३२ हजारांवर सांगण्यांत आला. पुढील इतिहासकारांनीं तो ८ लक्ष किंवा त्याहून अधिक मानला आहे. यांतील फार मोठा भाग एका पहिल्याच हिंवाळ्याचा आहे.

१८ जानेवारी १९४३ रोजीं वेढ्यास खिंडार पडलें आणि ७ फेब्रुवारी रोजीं पहिली आगगाडी नगरींत शिरली. २७ जानेवारी १९४४ रोजीं वेढा पुरता उठला. त्या विजयाचें वर्णन करितांना सेनापतींचीं नांवें येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु जुलैच्या उन्हांत, अंगांत पुरतें बळ नसतांना, मोडक्या घराची तुळई करवतीनें कापणारी स्त्री कोणत्याहि मोर्च्यावर नव्हती असें म्हणतां येणार नाहीं. चार घनमीटरांतील दोन तिनें आपल्या मुलांसाठीं रचून ठेविले आणि दोन ज्यांस तिनें कधीं पाहिलेंहि नव्हतें, अशांसाठीं दिले. दुसऱ्या हिंवाळ्यांत ज्या चुली पेटल्या, त्या या दुसऱ्या वांट्यावर पेटल्या.