जनानखान्याचा हिशेब

मुघलांचा जनानखाना म्हटलं की अत्तर, पडदे आणि बादशहाचा विलास एवढंच डोळ्यांपुढे येतं. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त नोंदवलेलं अकबराचं अंतःपुर मात्र चोख दफ्तरासारखं चालतं. पाच हजारांहून अधिक स्त्रिया, देखरेखीला दरोगा स्त्रिया, आत बायकांचा पहारा, बाहेर खोजे, त्यांच्यापलीकडे राजपूत. वरच्या दर्जाच्या स्त्रियांना दरमहा १०२८ ते १६१० रुपये, तर सर्वांत खालच्या नोकरीला अवघे दोन. खर्चाला पैसे हवे असले की तहवीलदाराकडे, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मागणी करायची. हिशेब तपासला गेला की रोकड मिळे. राजघराण्यातलं प्रेम याच चौकटीत घडलं, म्हणून ते पगार, पद आणि मालमत्तेसकटच वाचायला हवं.

अबुल फजल दरबारी, त्याचा शब्द कसा मानावा, ही शंका रास्त आहे. पण गुलबदन बेगम तर घरातलीच, बाबराची मुलगी. तिच्या ‘हुमायूननाम्या’त हमीदाबानू हुमायूनशी लग्नाला सुमारे चाळीस दिवस नकार देत राहते, अखेर दिलदार बेगम तिचं मन वळवते. बादशहाच्या मागणीलाही इथे थांबावं लागलं, आणि लग्न जुळलं ते घरातल्या वडीलधारीच्या शब्दाने. मुमताजमहलची गोष्ट आपण ताजमहालापासून सांगतो. १६३१ साली बुऱ्हाणपुरात चौदाव्या बाळंतपणात ती गेली, हे ओझरतं येतं. तिच्या संपत्तीचा अर्धा वाटा तिच्या मुलीला, जहाँआराला मिळाला. पुढे सुरत बंदराचं उत्पन्न तिच्याकडे आलं, दिल्लीचा चांदणी चौक तिने वसवला. त्याआधी जहांगीरच्या आईचं ‘रहिमी’ जहाज पोर्तुगीजांनी १६१३ साली पकडलं, तेव्हा बादशहाने त्यांच्याशी उघड वैर धरलं. पडद्याआडच्या स्त्रीचा व्यापार साम्राज्याच्या राजकारणाला असा भिडलेला होता.

या मूठभर बेगमा झाल्या, बाकीच्यांचं काय, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दोन रुपयांच्या दासीचं प्रेम कोणी लिहून ठेवलं नाही, आणि बेगमांच्या वैभवाने तिची कोंडी सैल होत नाही. बेगमांच्या अधिकारालाही कुंपण होतंच. मराठ्यांची राजधानी रायगड पडल्यावर १६८९ साली संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई आणि त्यांचा मुलगा बाल शाहू औरंगजेबाच्या कैदेत गेले. त्याची मुलगी झीनतुन्निसा हिने त्यांना माया लावली, सांभाळलं. मराठी इतिहासाने ते कृतज्ञतेने जपलं आहे. पण येसूबाईंची सुटका त्या मायेने झाली नाही. औरंगजेबानंतर पेशवे बाळाजी विश्वनाथ फौजेसह दिल्लीत गेले, आणि १७१९ साली, तीस वर्षांनी, येसूबाई स्वराज्यात परतल्या.