नाशिककर आईबाबांसाठी: अमेरिकेला जाताना अबुधाबीत थांबा

मुलांकडे न्यू जर्सी, शिकागोला निघालेल्या आईबाबांनी हे जरूर वाचावं. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानात पंधरा-सोळा तास बसून पाय सुजतात. मध्ये थांबा घेतला की तिकीट बऱ्याचदा स्वस्त पडतं, पाठही मोकळी होते.

माझी पसंती अबुधाबीला. अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम्स तिथेच उरकतं. पलीकडे उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं थेट बाहेर! इंग्रजीचं दडपण असलेल्या आईला याने केवढा धीर येतो. मात्र या तपासणीसाठी हाताशी निदान तीन तास ठेवा.

चोवीस तासांहून जास्त राहायचं असेल तर ‘मल्टी-सिटी’ पर्यायात तिकीट शोधा. वैध अमेरिकन व्हिसा असलेल्या भारतीयांना अमिरातीत ऑन अरायव्हल व्हिसा मिळतो. अटी आधी तपासाच.

पूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर हवा. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान रखडलं, तर पुढचं तिकीट बुडालंच समजा. पावसाळ्यात नाशिक–मुंबई रस्त्यावर रखडलात तरी विमान चुकू शकतं, समृद्धी महामार्ग झाला असला तरी. भिवंडी-ठाण्याची कोंडी धरूनच घर सोडा. बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, तिचे पैसे लागत नाहीत.