परसबागेपासून पानापर्यंत

महाराष्ट्रातून बदली होऊन दिल्लीत आलेल्या कुटुंबाची पहिली फजिती बहुधा भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी होते. मुलांसाठी हौसेने ‘सीताफल’ मागावे, तर भाजीवाला लाल भोपळ्याची फोड तराजूत टाकतो. आपल्याला हवे असलेले सीताफळ येथे ‘शरीफा’ या नावाने फळवाल्याकडे मिळते. चाकवत मागितला तर तो नकारार्थी मान हलवितो. समोरच ठेवलेली चाकवताची जुडी त्याच्या लेखी ‘बथुआ’ असते. आठ-पंधरा दिवसांत आपण ही नवी नावे शिकतो आणि प्रसंग हसण्यावारी जातो. पण त्याच गाडीपाशी सोबतच्या मुलाला विचारून पाहावे: यांपैकी मूळ कोणते, पान कोणते, वेलीवर काय लागते आणि जमिनीखाली काय वाढते? पुष्कळदा उत्तर येत नाही. आपल्याला फक्त नाव ठाऊक नव्हते. मुलाला वस्तूच ठाऊक नसते.

यात मुलांचा दोष नाही. दिल्ली, नॉएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या परिसरातील बहुसंख्य मुले सदनिकांत वाढतात. आझादपूरच्या घाऊक बाजारातून आलेली भाजी वसाहतीच्या दारापर्यंत पोहोचते, तेव्हा तिची माती धुतली गेलेली असते आणि अनेकदा पानेही छाटलेली असतात. मागील पिढीच्या घराला परसदार होते. तेथील अळू, कढीपत्ता आणि शेवग्याचे झाड मुलांना कोणी मुद्दाम शिकवावे लागत नसे. ते शिक्षण आता आपोआप होत नाही. म्हणून ते योजून करावे लागते.

प्रश्न केवळ सामान्यज्ञानाचा नाही

खाण्याच्या आवडीनिवडी बालवयात रुजतात आणि पुढे दीर्घकाळ टिकतात. २०१९-२१ या कालावधीत झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६७.१ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील लोहाची कमतरता हे त्यांपैकी एक प्रमुख कारण होय. दुसरीकडे, साखर, मीठ आणि स्निग्धांश यांचे प्रमाण अधिक असलेले पाकीटबंद पदार्थ मुलांच्या हाती सहज पडत आहेत.

या दुसऱ्या गोष्टीला आवर घालण्यासाठी नियम झाले आहेत. शाळांच्या परिसरात मिळणाऱ्या अशा पदार्थांविषयीच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्देश दिले. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनी शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीवर बंदी घातली. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे विविध पदार्थांतील साखरेचे प्रमाण दाखविणारे फलक, लावण्यास सांगितले. हे सारे आवश्यकच आहे. परंतु नियम नको तो पदार्थ दूर ठेवू शकतो. ताटातील मेथीची भाजी मुलाने आवडीने खावी, हे नियमाने साधत नाही. तेथे दुसरा उपाय लागतो.

वर्धा ते दिल्ली: एका विचाराचा प्रवास

हा उपाय आपल्याकडे नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हाताने करावयाचे उपयुक्त काम शिक्षणाच्या केंद्रस्थानी असावे, असा तिचा विचार होता. अभ्यासक्रम आखण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियाचे तत्कालीन प्रमुख आणि पुढे भारताचे राष्ट्रपती. समितीने मूलोद्योग म्हणून सूतकताई, सुतारकाम आणि शेती यांच्या बरोबरीने फळे व भाज्यांच्या बागकामाचाही समावेश केला. सेवाग्राम येथील नई तालीमच्या शाळेत मळ्यातील काम, स्वयंपाक आणि सफाई ही शिक्षणाचीच अंगे मानली गेली.

तो विचार पुढे मागे पडला, पण संपला नाही. २०१९ मध्ये केंद्र सरकारने माध्यान्ह भोजन योजनेअंतर्गत शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांनी बागेत काम करावे, तेथील भाजी शाळेच्या भोजनात वापरावी, आणि मोकळी जमीन नसल्यास कुंड्यांचा व गच्चीचा उपयोग करावा, असा त्यांचा आशय आहे. दिल्लीतील राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२४ मध्ये सहावीसाठी ‘कौशल बोध’ हे पुस्तक आणले. त्यातील प्रकल्पांत शाळेची परसबाग आहे आणि विस्तवाविना स्वयंपाकही आहे. परदेशांतही असे प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत बर्कली येथील एका शाळेत १९९५ पासून बाग आणि स्वयंपाकघर यांच्या आधारे धडे देण्यास आरंभ झाला. जपानने २००५ मध्ये आहारशिक्षणाचा स्वतंत्र कायदाच केला.

हाताने केल्याने काय साधते?

नवी चव मुलाला पहिल्याच घासाला आवडेल, ही अपेक्षा चुकीची आहे. एखादा अपरिचित पदार्थ स्वीकारण्यापूर्वी मुलाला तो आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा, थोडा थोडा चाखावा लागतो, असे बालआहाराच्या अभ्यासकांचे निरीक्षण आहे. आपण मात्र दोन-तीन प्रयत्नांनंतर ‘याला पालक आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. बागकामाचा लाभ येथे दिसतो. ज्या कोथिंबिरीला मूल रोज पाणी घालते, तिचा वास त्याच्या बोटांना लागतो. एखादे पान ते सहज तोंडात टाकते. तेथे आग्रह नसतो आणि कोणी त्याच्याकडे रोखून पाहतही नसते. स्वयंपाकात हात लागला की ओळख आणखी दृढ होते. मात्र एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेने हे घडत नाही. हंगामभराचे सातत्य हवे.

दिल्लीच्या हवामानात आरंभ कसा करावा?

पुणे-मुंबईचे वेळापत्रक येथे चालत नाही. दिल्लीत आरंभासाठी उत्तम काळ म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. उन्हाचा ताप ओसरलेला असतो आणि थंडी पडावयाची असते. मेथी, पालक, कोथिंबीर आणि मुळा ही चार पिके नवशिक्या मुलांसाठी पुरेशी आहेत. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि सुमारे महिन्याभरात खुडण्याजोगी होते. लहान मुलांचा धीर तेवढाच असतो. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन भाग करावेत. त्यांना उगवण्यास आठ-दहा दिवस किंवा अधिक लागतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे. मुळा सुमारे दीड महिन्यात तयार होतो, आणि तो मातीतून उपटण्याचा क्षण मुले सहसा विसरत नाहीत. फेब्रुवारीअखेर ते मार्च या काळात भेंडी, काकडी, दोडका लावता येतो. मे-जूनच्या ‘लू’मध्ये कोवळी रोपे होरपळतात; तेव्हा नवी लागवड टाळावी.

बियाण्याच्या पाकिटावर अनेकदा ‘पुसा’ हा शब्द दिसेल. तो मुलांना अवश्य दाखवावा. बिहारमधील पुसा येथे १९०५ मध्ये स्थापन झालेली कृषी संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर, १९३६ मध्ये, दिल्लीत आली आणि जुन्या गावाचे नाव सोबत घेऊन आली. तिने विकसित केलेल्या वाणांना ते नाव दिले जाते.

सज्जात चार-सहा तास ऊन येत असेल, तर सहा-आठ इंच खोलीच्या पसरट कुंड्या पालेभाजीस पुरतात. मुळ्यासाठी फूटभर खोली हवी. माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण करावे व तळाशी छिद्र ठेवावे. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून वाया जाणारे पाणी क्षारयुक्त असते. ते कुंड्यांना नेहमी घालू नये. रासायनिक कीटकनाशके मुलांच्या हाती देऊ नयेत. मावा दिसला तर पाने पाण्याने धुवावीत आणि रोगट पाने खुडावीत. दिल्लीची धूळ पाहता, खुडलेली भाजी दोन-तीन पाण्यांनी धुण्याचे काम मुलांकडेच सोपवावे.

नोव्हेंबरमध्ये प्रदूषण वाढून शाळा बंद ठेवाव्या लागल्याचे प्रसंग येथे अनेकदा आले आहेत. अशा दिवसांत मुलांना बाहेर न नेता घरातच मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. दोन दिवसांत तयार होणारे हे पीक ओट्यावरच घेता येते.

स्वयंपाकघरातील पहिले धडे

आरंभ विस्तवाविना करावा. सहा-सात वर्षांचे मूल मेथी निवडू शकते, मटार सोलू शकते, लिंबू पिळू शकते. मुळ्याची कोशिंबीर दाण्याचे कूट, दही आणि कोथिंबीर घालून त्याने स्वतः कालवावी. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास साहाय्य करते आणि जेवणासोबत घेतलेला चहा त्यास अडथळा आणतो, हे येथे सहज सांगता येते. पुढील पायरी थालीपिठाची: भाजणीत चिरलेली मेथी घालून पीठ मळणे आणि ते थापणे मुलाने करावे, तव्यापाशी मात्र वडील माणूस असावे. सुरी हाती देताना ती कशी धरावी, हे प्रथम दाखवावे. आणि ही कामे मुलगे व मुली दोघांनाही समान द्यावीत.

हिशेबाची वही

बँकेच्या ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना हिशेब सांगितल्यावाचून हा विषय पूर्ण होणार नाही. मुलाला एक वही द्यावी. कुंडी, खत व बी यांचा खर्च एका बाजूस आणि मिळालेल्या भाजीची बाजारभावाने किंमत दुसऱ्या बाजूस त्याने मांडावी. पहिल्या हंगामात वही बहुधा तोटाच दाखवील; बाजारातील जुडी स्वस्त पडली असती, हे मुलाच्या लक्षात येईल. ते लपवू नये. एवढ्याशा भाजीला इतके दिवस आणि इतके पाणी लागते, हे कळले की हातगाडीवरील जुडीची किंमत आणि ती पिकविणाऱ्याचे श्रम यांकडे ते वेगळ्या नजरेने पाहू लागते. पानात टाकलेल्या अन्नाविषयी मग निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

काही बी उगवणार नाही. सुटीत गावी गेल्यावर काही रोपे वाळतील, काही कबुतरे खातील. मुलाच्या नकळत आपण नवे रोप आणून लावण्याचा मोह टाळावा. पुन्हा पेरावयाचे किंवा नाही, हा निर्णय त्याचाच असू द्यावा. कारण आपण चुपचाप दुरुस्त केलेली बाग त्याची राहत नाही.

बदलीच्या नोकरीत घर बदलते, शहर बदलते, भाजीवाला बदलतो आणि भाज्यांची नावेही बदलतात. मात्र स्वतः पेरलेली, खुडलेली आणि रांधलेली मेथी मूल कोणत्याही बाजारात, कोणत्याही नावाने ओळखील आणि आवडीने खाईल. येत्या हंगामात आपल्या घरी एका कुंडीने याचा आरंभ करून पाहावा.