जीवदयेचा घास आणि श्वानाचे पोट

मुंबईच्या पांजरपोळाचा उगम श्वानरक्षणात आहे. सन १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध मुंबईत दंगल उसळली आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीशा आदी व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने ही संस्था उभी राहिली. आपल्या तारापूर-बोईसर परिसरातही दुकान उघडताना दारच्या श्वानाला घास घालणारी कुटुंबे आहेत. मात्र या दयेस जयणेची जोड हवी. कारण आपल्या ताटातील सर्वच पदार्थ श्वानाला मानवत नाहीत.

बर्फी, मोहनथाळ, फरसाण अशा तुपातेलाच्या पदार्थांनी श्वानाच्या स्वादुपिंडास सूज येऊन उलट्या सुरू होऊ शकतात. द्राक्षे, मनुका व बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. म्हणून बेदाणे घातलेला शिरा वा लाडूही देऊ नये. चॉकलेट तर विषच. प्रौढ श्वानांपैकी अनेकांना दुधातील साखर पचत नाही व जुलाब होतात. साधी पोळी, मऊ भात किंवा थोडे दही त्याहून बरे.

पाण्याचेही तसेच. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत रंगद्रव्यामुळे कुत्री निळी झाल्याचे वृत्त सर्वत्र गाजले होते. आपणही रासायनिक कारखान्यांच्या शेजारी राहतो. म्हणून दाराशी स्वच्छ, गाळलेल्या पाण्याचे भांडे ठेवावे, म्हणजे मुक्या जीवाला गटाराकडे वळावे लागणार नाही.

घाईने गिळलेले अन्न विनासायास तसेच बाहेर पडले, तर ती खरी उलटी नव्हे. पोट आवळून, कष्टाने होते ती उलटी. एखादी उलटी होऊनही प्रौढ श्वान तरतरीत असेल, तर काही तास अन्न थांबवावे, पाणी थोडे थोडे द्यावे आणि नंतर मीठ-मसाल्याविना मऊ भात द्यावा. पिल्लास मात्र उपाशी ठेवू नये. घरातील पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या कदापि देऊ नयेत.

वारंवार उलट्या, रक्त, ग्लानी, पाणीही न टिकणे, ही लक्षणे दिसताच पशुवैद्य गाठावा. पोट फुगून नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या येत असतील, तर काही तासांतच प्राण जाऊ शकतो. लस न दिलेल्या पिल्लास उलट्यांसह रक्ताचे जुलाब झाल्यास पार्व्हो या प्राणघातक रोगाची शंका घ्यावी. त्याची लस वयाच्या सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून टोचता येते.

सणाचे उरलेले गोडधोड श्वानापुढे ठेवण्याऐवजी एका पिल्लाच्या लसीचा खर्च उचलावा. हे जीवदयेचे अधिक उपयोगी दान ठरेल.