लघुप्रतिकृतींच्या सुट्या भागांचे घरगुती रेझिन ओतकाम : शिरूर व दौंड परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

रेल्वे, विमाने, जहाजे यांच्या प्रमाणबद्ध लघुप्रतिकृती तयार करणे हा मूलतः पाश्चात्त्य देशांत रुजलेला छंद आहे. महाराष्ट्रात त्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय होय. दौंडसारख्या जंक्शनच्या गावातील विद्यार्थ्याला आपल्या स्थानकाची प्रतिकृती करावीशी वाटणे स्वाभाविक आहे. अडचण येते ती सुट्या भागांची. परदेशी संच महाग पडतात आणि भारतीय वाघिणींचे संच क्वचितच मिळतात. अशा वेळी एक भाग हाताने घडवून त्याच्या प्रती रेझिनमध्ये ओतणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. हे काम छोटे दिसते आणि म्हणूनच त्यातील रसायनांकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे, विशेषतः रेझिनच्या निवडीचे, विवेचन केले आहे.

प्रमाण व मूळ नमुना :

लघुरेल्वेत १:८७ हे प्रमाण सर्वाधिक रूढ आहे. आपल्या ब्रॉडगेज मार्गाची रुंदी १६७६ मि.मी.; या प्रमाणात ती सुमारे १९.३ मि.मी. येते. बाजारात मिळणारा रूळ मात्र १६.५ मि.मी.चा असतो, कारण तो १४३५ मि.मी.च्या परदेशी मार्गावर बेतलेला आहे. गंमत अशी की १९१४ मध्ये सुरू झालेला आणि पुढे ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित झालेला दौंड-बारामती हा मार्ग मुळात ७६२ मि.मी. रुंदीचा होता. १:८७ प्रमाणात तो ८.८ मि.मी. भरतो व ९ मि.मी.च्या तयार रुळावर सहज बसतो. म्हणजे आज अस्तित्वात नसलेल्या छोट्या गाडीची प्रतिकृती करणे आजच्या गाडीपेक्षा सोपे! एका चारचाकी वाघिणीला चार अ‍ॅक्सल बॉक्स लागतात, दहा वाघिणींना चाळीस. चाळीस भाग हाताने एकसारखे कोरणे अशक्यप्राय. परंतु पॉलिस्टायरीनच्या पातळ पत्र्यातून एक नमुना नीट घडविता येतो.

साचा :

गणेशमूर्तींच्या कारखान्यांत रबरी साचे वापरले जातात, त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे परके नाही. येथे सिलिकॉन रबर वापरतात. नमुना अर्धा मातीत बसवून, कडेने खुणेचे खळगे करून पहिला अर्धा साचा ओततात. तो घट्ट झाल्यावर माती काढून, पृष्ठभागाला व्हॅसलिनचा पातळ थर देऊन दुसरा अर्धा ओततात. व्हॅसलिन विसरल्यास दोन्ही भाग एकजीव होतात. कथिलयुक्त उत्प्रेरकाचे सिलिकॉन स्वस्त असते, पण कालांतराने किंचित आकसते. प्लॅटिनमयुक्त सिलिकॉन जवळजवळ आकसत नाही. मात्र गंधकाच्या संपर्कात ते घट्टच होत नाही. गंधकयुक्त खेळमाती किंवा लॅटेक्सचे हातमोजेसुद्धा त्याला पुरतात.

रेझिनची निवड :

फायबरग्लासच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन सर्वांत स्वस्त मिळते, आणि नवखा विद्यार्थी तेच आणतो. माझ्या मते या कामासाठी ती सर्वांत चुकीची निवड आहे. पहिले कारण मापाचे. घट्ट होताना पॉलिएस्टर लांबीत एक-दोन टक्के आकसू शकते. ४० मि.मी. लांबीचा भाग दोन टक्क्यांनी आकसला, तर ०.८ मि.मी.ची तूट येते. मूळ वाघिणीच्या मापात ती जवळजवळ ७० मि.मी. होते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या रेझिनसोबत दोन लहान बाटल्या मिळतात. एकीत कोबाल्टयुक्त त्वरक असतो व दुसरीत मिथाइल इथाइल किटोन पेरॉक्साइड हा हार्डनर. त्वरक प्रथम रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचा व त्यानंतरच हार्डनर घालायचा, हा क्रम अनिवार्य आहे. हे दोन्ही द्रव थेट एकमेकांत मिसळल्यास तीव्र अभिक्रिया होऊन आग किंवा स्फोट होऊ शकतो. पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो. पुष्कळदा या बाटल्यांवर धड चिठ्ठीही नसते. कुरकुंभ किंवा रांजणगावच्या औद्योगिक क्षेत्रांत रसायने हाताळण्याचे नियम असतात, घराच्या ओट्यावर ते सांगायला कोणी नसते. विद्यार्थ्याला हे सांगण्याची जबाबदारी म्हणूनच अध्यापकावर येते.

इपॉक्सी कमी आकसते व त्याला क्रमाचा असा धोका नाही. त्याचा अमाइन हार्डनर त्वचेवर वारंवार लागल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडू शकते, म्हणून नायट्राइलचे हातमोजे हवेत. पॉलियुरेथेन काही मिनिटांतच घट्ट होते व बारीक तपशील उत्तम उतरवते; परंतु त्यातील आयसोसायनेटमुळे दमा उद्भवू शकतो. दमेकरी व्यक्ती घरात असेल तर ते वापरूच नये.

हवामानाचा परिणाम :

आयसोसायनेटची पाण्याशी अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो व वस्तूत बुडबुडे राहतात. कोकणातील दमट हवेत ही मोठी अडचण ठरते. शिरूर व दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असल्याने वर्षाचा बराच काळ येथील हवा या कामास अनुकूल असते. प्रतिकूल असतो तो उन्हाळा. डब्यावर छापलेला वापराचा अवधी साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानासाठी असतो आणि तापमान १० अंशांनी वाढले की तो ढोबळमानाने निम्मा होतो. २० मिनिटांचे इपॉक्सी ३८ अंशांना आठेक मिनिटांतच हाताबाहेर जाते. पेल्यात साचलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने तापून धुरावते. म्हणून एका वेळी थोडेच कालवावे आणि काम पहाटे उरकावे.

बुडबुडे काढण्यासाठी महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतील निर्वात पंप व काचेची हंडी उपयोगी पडते. मिश्रण फसफसून कित्येक पट वर येते, त्यामुळे भांडे पाव भागच भरावे. काही हौशी मंडळी प्रेशर कुकरमध्ये हवा भरून साचा ठेवतात. हा प्रकार सर्वथा टाळावा. कुकर त्यासाठी बनविलेला नसतो, आणि तोच पुन्हा स्वयंपाकघरात जातो हे तर त्याहून वाईट.

उरलेले द्रव रेझिन मोरीत ओतू नये. उथळ पत्र्यात पसरून ते घट्ट होऊ द्यावे व मगच कचऱ्यात टाकावे. साच्यावर तारीख, मिश्रणाचे प्रमाण व त्या दिवसाचे तापमान लिहून ठेवावे. पुढच्या ओतकामाला ही नोंद डब्यावरील सूचनेपेक्षा अधिक उपयोगी पडते.