सायकलमागचा गाडा आणि वीस कुंड्या

भाजीचा गाडा, भंगाराचा गाडा आपण रोज पाहतो. पण सायकलमागे गाडा जोडून, त्यात खत-माती-खुरपी घालून घरोघरच्या कुंड्या सांभाळायला एक बाई निघाली, हे आमच्या बार्शीत नवीनच होतं. आमच्या बचत गटातल्याच या वहिनी. नवऱ्याचं दुकान बंद पडलेलं, मुलगी बारावीला. माहेर शेतकऱ्याचं, त्यामुळे हाताला मातीची सवय. मीच म्हटलं, ''अहो वहिनी, मुलं पुण्याला गेलेली म्हातारी माणसं गावात किती आहेत! हौसेनं कुंड्या लावल्यात, आता वाकवत नाही. तुम्ही का नाही करत?''

सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की चाळिशीत सायकल काय आणि गाडा काय! चार दिवस घरात धुसफूस झाली. मग सासऱ्यांनीच सायकलला तेल घातलं.

गटानं आठ हजार कर्ज दिलं. गाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घेतला. दोन जुनी सायकलची चाकं, चौकोनी पाइपची चौकट, वर फळी. मैत्रिणींनो, असा गाडा करणार असाल तर एक बघा. ओझं चाकांच्या बरोबर वर, किंचित पुढे यायला हवं. मागे गेलं की सायकलचं मागचं चाक उचलतं आणि ब्रेक धरत नाही. जोड वळणावर फिरणारा हवा, पाठीमागे लाल रिफ्लेक्टर हवा. उतार आला की वहिनी सरळ खाली उतरून चालतात. ओली माती फार जड होते, म्हणून त्या कोकोपीटची वीट नेतात. पाच किलोची वीट पाण्यात फुगली की पाच-सहा घमेली सहज भरतात. बाकी शेणखत, निंबोळी पेंड, झारी, फांद्या छाटायची कात्री. बस्स!

खरी अडचण आली ती पैसे मागण्याची. एका बंगल्यात वहिनींनी तीन तास राबून तीस कुंड्यांची माती बदलली. बाई म्हणाल्या, ''खताचे पैसे घ्या. मजुरी कसली? आपल्यातलंच काम ना!'' आणि हातात ब्लाउजपीस ठेवला. त्या कापडानं वहिनी अजून कात्री पुसतात.

त्या दिवसानंतर आम्ही बसून दर ठरवले आणि कार्ड छापलं. वीस कुंड्यांपर्यंत महिन्यात दोन फेऱ्या, तीनशे रुपये. माती बदलणं वेगळं. घरची माणसं गावाला गेली तर पाण्याचे दिवसाला वीस. नुसती रोपं विकण्यात फारसं सुटत नाही, रोप एकदाच विकलं जातं. देखभाल मात्र बारा महिने लागते. ऑक्टोबरात गुलाबाची छाटणी, थंडीत मोगऱ्याची, जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आला की साबणाचं पाणी आणि निंबोळी अर्क. उन्हाळ्यात तर कुंडीत पालापाचोळ्याचा थर दिला नाही तर सकाळचं पाणी दुपारपर्यंत उडून जातं. हे सगळं वहिनींना तोंडपाठ, आणि याचेच तर पैसे!

आज बावीस घरं आहेत, सगळी दोन-तीन किलोमीटरच्या आत. महिन्याला सहा हजार सहाशे येतात, खर्च जाऊन पाचच्या वर उरतात. भगवंताच्या देवळामागच्या एका आजी तर फेरीच्या दिवशी दारातच खुर्ची टाकून बसतात. त्यांना झाडांपेक्षा गप्पा हव्या असतात. त्या घराला वहिनी अर्धा तास जास्त देतात, त्याचा हिशेब मात्र धरत नाहीत. मला हे आधी पटलं नव्हतं. धंदा तो धंदा, असं माझं मत. पण त्याच आजींनी चार घरं मिळवून दिली, मग मी गप्प बसले.

गटाचं कर्ज अकरा महिन्यांत फिटलं. तुमच्याकडे गट नसेल तर २०१५ पासूनची मुद्रा योजना आहे. तिच्या 'शिशु' प्रकारात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं, बँकेत जाऊन विचारा. आमच्याकडे आणखी दोघींनी गाड्यासाठी अर्ज दिलाय, येत्या बैठकीत तो विषय आहे. वेल्डिंगवाल्यानं मात्र आत्ताच पाचशे रुपये वाढवलेत.